शिळ्याचा वाटा

सदाशिव पेठेतल्या आमच्या मेसच्या भिंतीवर दोन पाट्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर लिहिलंय, 'अन्न वाया घालवू नये. उष्टे टाकल्यास जादा आकार पडेल.' दुसरीवर, 'एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही.' अक्षर एकाच रंगाऱ्याचं, रंगही एकाच डब्यातला. म्हणजे भूक अर्धी असली तरी थाळी अख्खी घ्यायची, आणि घेतली की ती संपवायची. पुण्यातल्या पाट्यांवर हसायची रीतच आहे, पण मला या दोन पाट्यांत मेसवाल्या काकांची अख्खी वही दिसते. गॅसचे भाव त्यांच्या हातात नाहीत, तेलाचे नाहीत आणि आम्ही तर अजिबातच नाही. त्यांच्या हातात भिंत तेवढी आहे.

काकांच्या वहीतला मला सगळ्यात आवडणारा रकाना खाड्याचा. बाहेरगावच्या मुलामुलींना हे सांगायला नको. गावाला जायचं असेल, उपास असेल, मैत्रिणीचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी काकांना सांगायचं, 'उद्या संध्याकाळचा खाडा.' मग ते वहीत फुली मारतात, आणि उद्या संध्याकाळी माझ्या वाटच्या तीन पोळ्या लाटल्याच जात नाहीत. अन्न वाचवण्याबद्दल कॉलेजात मी जेवढी भाषणं ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा ही फुली जास्त कामाची आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. भाषणांचा सगळा भर ताटातलं संपवण्यावर असतो, आणि ही फुली तर पीठ मळण्याच्याही आधी येते.

न सांगता गेलेल्यांच्या पोळ्या मात्र उरतात. दुपारी तीनच्या सुमाराला मोरीपाशी गेलं की मावशी ताटं निपटताना दिसतात. उजव्या हाताची चार बोटं जुळवून, ताट तिरकं धरून, एका फटक्यात सगळं निळ्या पिंपात. भात, अर्धवट तोडलेली पोळी, कोशिंबिरीचं पाणी. पापड तेवढा तरंगतो. चमच्याने का नाही निपटत, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, 'चमच्याला कळत नाही, वाटीखाली काय राहिलंय ते.' संध्याकाळी टेम्पो येतो आणि पिंप डुकरांच्या गोठ्याकडे जातं. म्हणजे वाया गेलं असंही म्हणता येत नाही. फक्त ते कुणाच्या तरी बोटांमधून गेलं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला पर्यावरणाचा पेपर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो सगळ्याच शाखांना सक्तीचा झाला, त्यामुळे त्याकडे बहुतेक जण सक्तीच्याच नजरेने बघतात. प्रकल्प म्हणून एका संकेतस्थळावर प्रत्येकाने आपल्या राहणीचा पृथ्वीवर किती भार पडतो ते काढायचं होतं. प्रश्न असे, की वर्षाला विमानप्रवास किती? गाडी कोणत्या इंधनावर चालते? घरात एसी आहे का? माझं भरून झाल्यावर मी गंमत म्हणून आज्जीच्या नावाने भरलं. विमान नाही. गाडी नाही, एसटी आणि तीही लग्नकार्याला. फ्रीज आला तो मी आठवीत असताना, आणि आज्जी अजूनही त्यात काही ठेवत नाही. आज्जीचं उत्तर असं आलं, की सगळं जग तिच्यासारखं राहिलं तर एक पृथ्वी पुरून भरपूर जागा उरेल. वर्गात टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, 'हेच आपलं पारंपरिक शहाणपण.' मी खाली बसले, पण ते वाक्य काही गळ्याखाली उतरलं नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. काळी, खोल, भेगाळणारी जमीन. तिथली ज्वारी पावसाळ्यात पेरत नाहीत, पावसाळा सरताना पेरतात आणि मग ती जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते. मालदांडी. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात कुणी पेढे वाटले नाहीत, पण आपल्या भाकरीची सरकारदरबारी नोंद झाली हे बाबांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं. या पिकाचं काहीच टाकलं जात नाही. कोवळी असताना हुरडा, पिकल्यावर दाणे, ताटांचा कडबा जनावरांना आणि मुळाकडची धसकटं चुलीला. भाकरीचंही तसंच. ताजी खायची, सकाळी शिळी ताकात कुस्करून खायची, आणि पातळ थापून, भाजून, वाळवून कडक भाकरी केली तर ती महिनाभर टिकते. माझ्या बॅगेत पुण्याला येणाऱ्या डब्यात कायम तीच असते, शेंगाचटणीच्या शेजारी. रूमवरच्या मुली तिला पापड समजून नुसती चावतात.

दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीची देठं आमटीत, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, पोळ्या उरल्या की कुस्करा किंवा गुळातुपाचा लाडू. हे सगळं मी बघतच मोठी झाले, आणि आता तेच मला इंग्रजी नावांनी शिकवलं जातं तेव्हा अभिमान वाटावा अशी अपेक्षा असते. पण आज्जीची काटकसर कुठून आली ते मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी सून होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली, सुकडीच्या रांगेत उभी राहिली. मिलोची आठवण निघाली की आजही ती तोंड वाकडं करते. 'आपली ज्वारी खाणाऱ्याला ती लाल माती कशी गोड लागंल?' तिने विमानप्रवास टाळला असं नाही. तिला कुणी एसटीचं तिकीटही काढून दिलं नव्हतं. पृथ्वीला आज्जी परवडते, कारण आज्जीला काहीच परवडलं नाही. याला शहाणपण म्हणून टाळ्या वाजवताना निदान थोडं अवघडायला हवं.

आणि त्याहून मोठी गोष्ट, जी माझ्या इतकी डोळ्यासमोर होती की दिसलीच नाही. काहीच वाया न जाणाऱ्या त्या स्वयंपाकघरात उरलेलं जायचं कुठे? घराला खाड्याची वही नसते. बाबा तालुक्याला गेले, उशीर झाला, तिथेच खाऊन आले. दादाने मित्राकडे वडापाव हाणला. पाहुणे येणार होते ते आलेच नाहीत. भाकऱ्या तर थापून झालेल्या. सकाळी त्या उरलेल्या भाकऱ्या आईच्या असत. ओट्यापाशी उभं राहून, एका हाताने चहाचं आधण बघत, दुसऱ्या हाताने ती भाकरीचा पापुद्रा सोलून वाटीतल्या ताकात बुडवायची, कांदा बुक्कीने फोडायची आणि चार घासांत सगळं उरकायची. ताट घेऊन बसलेली मला आठवत नाही. आम्हाला ताजी. तिच्या आधी आज्जीने तेच केलं, आज्जीच्या आधी तिच्या सासूने. आमच्या परंपरेत अन्न वाया जात नव्हतं याचं एक कारण असं, की प्रत्येक घरात ते संपवायला एक बाई नेमलेली होती. पगार नाही, सुट्टी नाही, आणि तिच्या नावाचा खाडाही नाही.

मंगळवेढ्याचं नाव घेतलं की दामाजीपंत आठवतात. दुष्काळात बादशहाची कोठारं त्यांनी लोकांसाठी उघडली, आणि ते धान्याचे पैसे भरायला खुद्द विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला गेला, अशी कथा आहे. मला ती फार आवडते. पण अलीकडे ती ऐकताना एक वेडगळ शंका येते. कोठारातून धान्य घरोघरी गेलं, मग रात्री जाती कुणी ओढली? आणि शेवटची भाकरी कुणाच्या वाट्याला आली, की आलीच नाही? कथेत ते नाही. कथा कोठारापाशीच संपते.

पुण्यात मी कॉट बेसिसवर राहते. खोलीत चार कॉट, एक कपाट, एक इंडक्शन शेगडी, आणि फ्रीज नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा सगळ्या मिळून काहीतरी मागवतो. दहा-वीस मिनिटांत दारात पिशवी. पिशवीत डबा, डब्यात छोट्या डब्या, कांदा वेगळ्या पुडीत, लोणचं वेगळ्या पुडीत, मागितलेलेच नाहीत असे प्लास्टिकचे चमचे. चौघींची भूक भागते आणि मधल्या टेबलावर एवढा पसारा होतो की जेवण कमी आणि वेष्टनच जास्त खाल्लं की काय असं वाटावं. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी झाली, 2022 च्या जुलैपासून देशभरात एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, आणि आमच्या टेबलावरचा चमचा दोन्हींना पुरून उरला.

सोमवारी सकाळी कचऱ्याच्या ताई येतात. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या. ही संस्था 2008 पासून महापालिकेच्या जोडीने दारोदारचा कचरा गोळा करते, आणि तिच्या मागे 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र, गाडी आणि दारापर्यंत येण्याचा हक्क मिळाला तो या संघटनेमुळे. ताई जिन्यातच आमची पिशवी मोकळी करतात. हे एकदा थांबून बघावं. काळा डबा अंगठ्याने दाबून उघडायचा, आतली बिर्याणी ओल्या बादलीत झटकायची, तेलाने चिकट झालेला डबा क्षणभर हातात तोलायचा आणि बाजूला टाकायचा. दुधाची पिशवी मात्र उलटी करून, झटकून, नीट घडी घालून गोणीत, कारण तिला भाव आहे. पाण्याच्या बाटलीला आहे, पुठ्ठ्याला आहे, पत्र्याच्या डब्याला तर चांगलाच आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला नाही. आत चंदेरी आणि बाहेर रंगीत असे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत म्हणून भंगारवाला घेत नाही. दुकानात सर्वांत जास्त मिरवणारी वस्तू ताईंच्या हिशेबी सर्वांत कुचकामी.

आमच्या खोलीतून जाणाऱ्या पॅडच्या पुड्यांवर आम्ही पेनाने लाल ठिपका काढतो. ही मोहीम पुण्यातल्या कचरावेचक बायकांचीच. न उघडताच ओळखू यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ठिपका काढायला एक सेकंद लागतो. हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना पटवायला मात्र बराच काळ गेला, आणि ज्यांना सगळ्यात उशिरा पटलं त्या पर्यावरणावर स्टेटस ठेवण्यात सगळ्यात पुढे होत्या. असो.

ताईंच्या हातून जे सुटतं ते पुढे जातं. अनेक वर्षं ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिलं. तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून पुण्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला कळलं की आपल्या कचऱ्यालाही एक पत्ता असतो. घरी तो पत्ता आईचा होता. इथे ताईंचा, आणि मग फुरसुंगीच्या विहिरींचा. उरलेलं कधी नाहीसं होत नाही, ते फक्त एका जिन्याने खाली उतरतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये अन्नाच्या नासाडीवर एक अहवाल काढला. 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 63 कोटी टनांहून जास्त घरांमधून. भारतातल्या घरांसाठी अंदाज माणशी वर्षाला 55 किलोचा. आकडा वाचून मी दचकले, मग खालचा खुलासा वाचला. या मोजमापात खाता न येणारे भागही धरलेले आहेत, म्हणजे सालं, हाडं, बिया. तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते दोडक्याच्या शिरांचं. खाता न येणारं म्हणजे नेमकं काय, हे स्वयंपाकघरागणिक बदलतं. पण आणखी एक गोष्ट कुठल्याच तराजूत बसत नाही. जे वाया गेलं ते मोजता येतं; जे कुणीतरी मन मारून संपवलं ते कसं मोजणार?

2023 हे वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, भारताच्याच पुढाकाराने. कॉलेजात ज्वारीची बिस्किटं वाटली गेली, मॉलमध्ये नाचणीचे पास्ते आले. हॉटेलात भाकरी पोळीपेक्षा महाग झालीच होती, ती आणखी झाली. मला वाटलं होतं, आता बाबा खूश असतील. फोनवर म्हणाले, 'अगं, ज्वारी काढायला माणूस कुठं मिळतोय?' ज्वारी मुळासकट उपटून काढतात. उन्हात, वाकून, हात सोलपटेपर्यंत. राखणीला वेगळा माणूस, पाखरं आहेतच. उजनीचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस उभा राहिला, कारण तो तोडायला टोळी येते, कारखाना दारात आहे आणि पैसे एकरकमी सांगता येतात. उसाला नावं ठेवणं सोपं आहे. पुण्यात ज्वारीचं बिस्कीट चघळत नावं ठेवणं तर फारच सोपं. ज्वारी उपटणाऱ्या बाईची मजुरी त्या बिस्किटाच्या किमतीत कितवी येते, हे पाकिटावर छापलेलं नसतं.

कपड्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मी फारशी आदर्श नाही आणि व्हायची घाईही नाही. लहानपणी आईच्या जुन्या साड्या बोहारणीकडे जात आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येई. घासाघीस अशी चाले की दोघींपैकी एक तरी रडेल असं वाटायचं. ज्या साड्या बोहारीणही घेत नसे, त्यांची वाकळ. इथे पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर दोनशे रुपयांत टॉप मिळतो, तीन धुण्यांत पिळवटतो, आणि त्याची वाकळही होत नाही, कारण कापडात जीवच नसतो. पुस्तकांचं मात्र अजून बरं आहे. अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या पुस्तकात आधीच्या मुलीच्या खुणा असतात, आणि कितीदा तिने बरोबर तेच महत्त्वाचं मानलेलं असतं जे मला कळलेलं नसतं.

याच पेठांत एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागायचे. त्यातून मोठी झालेली माणसं पुढे कृतज्ञतेने त्या घरांबद्दल लिहीत, आणि ते योग्यच. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात जातिभेद न पाळता मुलं एका पंगतीत जेवली, आणि पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास कधी तरी भांड्यांच्या बाजूने लिहायला हवा. किती पिढ्यांची पदवी कुणाच्या उष्ट्या-खरकट्यावर उभी आहे, ते तरी दिसेल.

आम्ही चौघींनी खोलीवर एक रिवाज पाडला आहे. मागवलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी ते पाळीने खायचं, ज्या दिवशी जिची पाळी तिने. सुरुवातीला हसण्यावारी नेलं. आता असं झालंय, की जिची पाळी असेल ती रविवारीच ओरडते, 'जास्त मागवू नका गं, उद्या माझी पाळी आहे.' मागवणं आपोआप कमी झालं. कुणी व्याख्यान दिलं नाही. शिळं आपल्याच ताटात येणार हे कळलं की हात आखडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच घरी करून बघितलं. सकाळी आई ओट्यापाशी जायच्या आत टोपलीतल्या शिळ्या भाकऱ्या काढल्या, सारखे तुकडे केले आणि सगळ्यांच्या ताटात एकेक ठेवला. बाबांच्या, दादाच्या, आज्जीच्या, माझ्या आणि आईच्या. आईला हाताला धरून खाली बसवलं.

'हे काय नवीन?' दादा म्हणाला. 'ताजी नाही का?'

'आहे. ही संपल्यावर.'

'अगं, त्याला नाही जात शिळी,' आई उठायला लागली. 'मी खाते की. मला आवडते.'

'आवडते तर सगळ्यांनाच आवडू दे.'

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि ताकाचं भांडं पुढे ओढलं. दादाने तुकडा ताटाच्या कडेला सरकवला, परत घेतला, आज्जीकडे बघितलं. दात नसल्यामुळे आज्जीचा तुकडा केव्हाच ताकात विरघळला होता. तिने ओठ पुसले आणि मला फर्मावलं, 'नुसती कशी खाईल पोरगं? शिळीला तेल लागतंय. चटणीवर घाल की जरा, हात आखडू नको.'